मालकाचा पेला

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात सावळीरामनानांचं दुधाचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. पाटीची गरजच पडली नाही, असं नाना सांगतात. खरं म्हणजे रंगारी दोनदा आला आणि दोन्ही वेळा नानांशी भांडून गेला. पण पाटीवाचून काही अडलं नाही, कारण दुकानाची एक रीत होती आणि ती बोळातल्या पोराटोरांना पाठ होती.

रीत अशी. सकाळी सहाला शटर वर जायचं. गवळी सोमनाथ दुधाचे कॅन उतरवायचा. पहिला कॅन उघडला की नाना मापाने एक पेला भरायचे. पेला पितळी, काठाला चेपलेला, त्यांच्या वडिलांचा. समोर रांग उभी. त्या रांगेच्या डोळ्यांदेखत नाना ते निरसं दूध एका दमात प्यायचे, मिशी पुसायचे आणि मगच पहिलं पातेलं पुढे ओढायचे. ‘आधी मालकाच्या पोटात, मग गिऱ्हाइकाच्या,’ हे वडिलांचं वाक्य. दुधात काही वाईट असेल तर आधी मालक मरेल, असा त्याचा सरळ अर्थ. मालकाने मरावं असं रांगेतल्या कुणाला वाटत नव्हतं, पण तो रोज मरायला तयार आहे हे बघून त्यांना बरं वाटायचं. माणसाचा स्वभावच तसा. वडिलांनी ही रीत चाळीस वर्षं पाळली, नानांनी सदतीस.

मे महिन्यात नाना घोटीला साडूच्या मुलीच्या लग्नाला गेले. भर उन्हात जेवले, कुठलं पाणी प्यायले देव जाणे, आणि परत आले ते जुलाब घेऊनच. तीन दिवस सलाईन लागलं. चौथ्या दिवशी अक्काबाई, म्हणजे त्यांची बायको, दारात आडव्या उभ्या राहिल्या तरी नाना दुकानात गेलेच. रांगेने तब्येत विचारली. नानांनी पेला भरला, प्यायला, मिशी पुसली. साडेसातच्या सुमारास त्यांच्या पोटात गडगडायला लागलं.

असं गडगडलं, की मोरीवाल्या गल्लीतून ट्रॅक्टर आला की काय म्हणून खुद्द नानांनीच मागे वळून बघितलं. मग पोट फुगलं, कळ आली, आणि दुकानाच्या मागे संडास होता म्हणून अब्रू राहिली. आजारपण अजून अंगात आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण दुसऱ्या दिवशी साडेसातला तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पंधरा दिवस तेच.

नाना तसे हुशार माणूस. हुशार माणसाचा घात त्याची हुशारीच करते, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी हिशेब मांडला. भाकरी खाल्ली, काही होत नाही. शनिवारी मटणाचा रस्सा ओरपला, काही नाही. दुपारी वाटीभर दही, काही नाही. त्रास होतो तो फक्त सकाळच्या पेल्याचा. म्हणजे खोट दुधात आहे. आणि दूध कुणाचं? सोमनाथचं.

सोमनाथ मखमलाबादचा. बारा म्हशी, मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी दोन कॅन, बावीस वर्षांचा रतीब. लग्नाच्या दिवशी हळदीच्या अंगाने दूध घालून मग बोहल्यावर चढलेला माणूस. त्याच्यावर संशय घ्यायचा तर आधी स्वतःच्या सावलीवर घ्यावा. पण पोट दुखत असलं की माणसाला सावलीही तिरकी दिसते.

जूनमधल्या एका सकाळी, रांग भरलेली असताना, नानांनी पेला भरला आणि न पिता फळीवर ठेवला.

“सोमनाथ, दुधात काय मिसळतोस?”

सोमनाथ दुसरा कॅन सोडत होता. त्याला आधी गंमतच वाटली. “काय म्हंता, नाना?”

“पंधरा दिवस झाले, दूध पोटाला बाधतंय. तुझंच दूध पितो ना मी?”

“मग मीटर लावा की.”

नानांनी लॅक्टोमीटर काढला, दुधात सोडला. तो जिथे उभा राहायला पाहिजे तिथेच उभा राहिला. शहाणा माणूस इथे थांबला असता. पण चार लोकांसमोर शब्द तोंडातून गेला होता आणि नानांना मागे घेणं ठाऊक नव्हतं. “मीटरला फसवायच्या पावडरी निघाल्यात आता,” ते म्हणाले. “रोज पेपरात येतं.”

रांगेत पहिली कायम बयाबाई असायची. बाजारात मेथी-कोथिंबीर विकणारी, सत्तरीची, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, “तरीच मेलं चार दिवस साय पातळ पडतेय.” साय मुळीच पातळ नव्हती. पण बयाबाईला कुठल्याही भांडणात एक काडी टाकल्याशिवाय राहवत नसे.

सोमनाथ काही ओरडला नाही. त्याने पळी घेतली, कॅनातलं दूध काढलं आणि स्वतः प्यायला. मग म्हणाला, “माझी पोरं हेच पित्यात, नाना. घरात बोलवून विचारलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. तुम्ही चार लोकांत बोलला.” त्याने दोन्ही कॅनांची झाकणं लावली, ते परत मोटरसायकलला अडकवले आणि तो निघून गेला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

नानांनी दुसऱ्याचं दूध लावलं. पोट गडगडलं. त्यालाही काढलं आणि तिसऱ्याचं लावलं. पोट गडगडलंच. तेव्हा मात्र नाना घाबरले. तिघं तीन दिशांचे, तिघांनी मिळून एकच पावडर टाकायचं ठरवलं असेल हे त्यांनाही पटेना. म्हणजे मग वाईट आहे ते आपल्याच पोटात, आणि ते वाढतंय. त्यांचे एक मामा पोटाच्याच दुखण्याने गेले होते. नाना रोज सकाळी त्या मामांची आठवण काढायला लागले आणि कुणाला बोलले नाहीत. आणि समजा वाईट काही नसलं तरी, ज्या दूधवाल्याला स्वतःचं दूध सोसत नाही त्याच्याकडे कोण येईल? तोंड दोन्हीकडून बांधलेलं.

मग त्यांनी सदतीस वर्षांत केली नव्हती ती गोष्ट केली. पेला तोंडाला लावायचा, घोट गालात धरायचा, मिशी पुसायचं निमित्त करून आत जायचं आणि मोरीत थुंकायचं. पेल्यातलं उरलेलंही तिथेच ओतायचं.

चार दिवस हे खपलं. पाचव्या दिवशी मोरीच्या दारात हर्षाली उभी होती.

हर्षाली ही त्यांची सून, पिंपळगाव बसवंतची. गंगापूर रोडकडच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. सकाळी घरचं दूध न्यायला मागच्या दाराने यायची. दहावीच्या वर्गात कोण कॉपी करतंय हे जिला मान न वळवता कळतं, तिच्यापुढे नाना पेला उपडा करून उभे होते.

“नाना, हे रोज चालतं?”

नाना आधी रागावले, मग खोकले, मग पिंपावर टेकले. आणि एकदा टेकल्यावर सगळं बोलले. मामांपर्यंत सगळं. ते ऐकून हर्षालीला लग्न झाल्यापासूनच्या सहा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांची कीव आली.

तिने डॉक्टरांसारखे प्रश्न विचारले. चहा चालतो? चालतो, त्यात दूध ते किती. पेढा? नाना आठवून म्हणाले की सत्यनारायणाला चार पेढे खाल्ले तेव्हाही गडगडलं होतं. आणि दही? दही तर रोजच खातो, त्याला काय होतंय.

“दही कशाचं लावतात आई?”

“दुधाचंच. दुसरं कशाचं लावणार?”

“तेव्हा सोमनाथभाऊंच्या दुधाचंच ना? मग त्या पावडरीने दह्यात जाऊन काय उपास धरला?”

 हा प्रश्न नानांच्या हिशेबात आला नव्हता.

“माझी आई द्राक्षं डब्यांत भरायच्या पॅकहाऊसला कामाला जायची,” हर्षाली म्हणाली. “घड मोठा आला की डब्यात बसत नाही. मग बायका छोट्या कात्रीने त्याचे दोन करतात. कात्री संपत नाही, एक घड कापला की दुसरा. आपल्या पोटात अशाच कात्र्या असतात, त्यांना विकर म्हणतात. आपण खातो ते सगळे मोठे घड असतात, आणि आतड्याची भिंत फक्त सुटा माल आत घेते.”

“एकच कात्री सगळ्याला?”

“नाही, ज्याची त्याची वेगळी. भाकरीची तोंडापासूनच सुरू होते, लाळेत असते. म्हणून घास खूप वेळ चावला की गोड लागतो. मटणाची पहिली कात्री जठरात. तेला-तुपाची पुढे स्वादुपिंडातून येते. एकीचं काम दुसरी करत नाही. आणि दुधात जी साखर असते ना, ती जोडीची असते, दोन मणी चिकटलेले. तिची कात्री लहान आतड्याच्या अस्तरावर. लहानपणी ती भरपूर असते, कारण तेव्हा दूधच अन्न. मोठेपणी पुष्कळ लोकांची कमी कमी होत जाते. तुमची कमी झाली असेल, पण भागत होतं. त्यात घोटीचे जुलाब झाले. अस्तर सोलून निघालं. कात्रीवाल्या बायका कामावर यायच्या बंद झाल्या.”

“मग न कापलेला माल जातो कुठं?”

“पुढे, मोठ्या आतड्यात. तिथे जंतू बसलेलेच असतात. उन्हात राहिलेल्या द्राक्षांचं काय होतं?”

“आंबतात,” नाना म्हणाले. “फसफसतात.”

“तेच तुमचं साडेसातला होतं. आणि दह्यात विरजणाचे जंतू आधीच थोडी साखर खाऊन बसतात, वर स्वतःची कात्रीही घेऊन येतात. म्हणून दही चालतं.”

नानांना ते ऐकायला बरं वाटलं, पण पटलं नाही. तरी सुनेच्या आग्रहाने ते डॉक्टरांकडे गेले. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, मामांचं दुखणं कुठेही निघालं नाही. डॉक्टरही सुनेसारखंच बोलले आणि दोन आठवडे दूध बंद करायला सांगितलं. नानांनी रांगेला पोटात गॅस आहे असं सांगून रोजचा पेला अक्काबाईंच्या हातात दिला, आणि दोन आठवड्यांत पोट तान्ह्या बाळासारखं शांत झोपलं.

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. पण तुम्ही नानांना ओळखत नाही.

“दूध सोडल्यावर बरं वाटलं,” ते म्हणाले. “म्हणजे दुधातच खोट होती, हेच ठरलं की नाही? सोमनाथचं चुकलंच असणार.” बाकी दोघांच्या दुधानेही दुखलं होतं, हे ते सोयीने विसरले. मामांच्या भीतीतून मोकळे झाल्याबरोबर त्यांना पुन्हा बरोबर ठरायची घाई झाली होती. आता त्यांना सोमनाथ चुकीचाच हवा होता, कारण तो खरा निघाला तर आपण काय करून बसलो हे बघावं लागलं असतं.

हर्षालीने वाद घातला नाही. ती शाळेतून येताना मखमलाबादला स्कूटी घेऊन गेली, सोमनाथकडून लिटरभर दूध घेतलं आणि मेडिकलमधून एक छोटी बाटली आणली. त्यात तीच कात्री होती, थेंबांच्या रूपात. तान्ह्या बाळांना दूध पचत नाही तेव्हा देतात.

“दूध सोमनाथभाऊंचं,” तिने सांगितलं. “त्यात फक्त कात्री घालायची आणि थंड जागी कात्रीला तिचं काम करू द्यायचं. दुधात पावडर असेल तर उद्या सकाळीही तुमचं पोट दुखेल. नुसती जोडसाखर असेल तर दुखणार नाही. कबूल?”

“कबूल,” नाना म्हणाले. बाटलीवरचं बाळाचं चित्र बघून त्यांना आपली लाज वाटली, पण निवाडा व्हायला हवा होता.

हर्षालीने थेंब घातले, पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं आणि ती शिकवणीला गेली. दुसऱ्या दिवशी नानांनी घरातच पेलाभर दूध घेतलं. हर्षाली शाळेत होती. साडेआठला पोटात ट्रॅक्टर आला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नाना खुर्चीत ताठ बसले होते. पोट दुखत होतं, पण तोंडावर विजय होता. “सोमनाथच,” ते म्हणाले. “तुझी कात्री घातली तरी दुखलं.”

हर्षाली खरोखर गोंधळली. तिने उरलेलं दूध चाखलं. मग तिने स्वयंपाकघराकडे बघून हळूच विचारलं, “आई, काल या पातेल्याला तुम्ही काही केलंत का?”

“मी काय करणार?” अक्काबाई म्हणाल्या. “निरसं दूध तसंच फ्रिजमध्ये ठेवलं होतंस. नासलं असतं की. तू जिना उतरलीस आणि मी गॅसवर ठेवलं. चांगल्या दोन उकळ्या काढल्या.”

आता अक्काबाईंचा दोष नाही. त्यांच्या घरात दूध आलं की आधी तापतं, मग बाकीचं जग. चाळीस वर्षांत त्यांनी निरसं दूध ताटाखाली झाकलेलं बघितलं नव्हतं. पण विकर हे नाजूक प्रकरण असतं. अंगाच्या उबेत, नाहीतर त्याहून गारव्यात ते काम करतं, उकळीत मरतं. थेंब पडल्यावर पाच मिनिटांत बिचाऱ्या कात्रीचा काढा झाला होता. हर्षाली कपाळाला हात लावून हसत सुटली आणि अक्काबाईंना आपण काय विनोद केला ते कळेना.

दुसऱ्या खेपेला हर्षालीने पुन्हा मखमलाबादहून दूध आणलं आणि अक्काबाईंच्या हातानेच आधी तापवून घेतलं. पार निवू दिलं, मग थेंब घातले, आणि पातेल्याला आता कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. अक्काबाई पातेल्याकडे चोराकडे बघावं तशा बघत होत्या, पण त्यांनी हात लावला नाही.

रविवारी सकाळी नानांनी पेला तोंडाला लावला आणि पहिल्याच घोटाला थांबले.

“साखर घातलीस?”

“चिमूटभरही नाही.”

नानांनी पुन्हा घोट घेतला. बासष्ट वर्षांच्या आयुष्यातली सदतीस वर्षं रोज सकाळी दूध चाखलेली जीभ. वैरण बदललेली तिला कळायची, म्हैस गाभण आहे की नाही तेही कळायचं. हे दूध गोड होतं. बाहेरून घातलेल्या साखरेचं ते गोड नव्हतं.

“जोडी सुटली की साखर जास्त गोड लागते,” हर्षाली म्हणाली. “कात्रीने काम केलं, नाना. तेच तुम्ही चाखताय.”

नाना पेला संपवून खुर्चीत बसले. सून घड्याळ बघत होती, ते स्वतः पोटाकडे बघत होते. साडेसात झाले. साडेआठ झाले. अक्काबाईंनी पोहे दिले. साडेनऊला पोटातून एक आवाज आला, पण तो भुकेचा होता.

घरात सगळ्यांना आनंद झाला आणि नाना मात्र उठून गॅलरीत गेले.  हर्षाली मागे आली तेव्हा ते म्हणाले, “बावीस वर्षं, पोरी. हळदीच्या अंगाने दूध घालून गेला होता तो. आणि मी त्याला बयाबाईसमोर चोर म्हटलं.” त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

त्याच दुपारी ते रिक्षाने मखमलाबादला गेले. सोमनाथ गोठ्यासमोर कडबा तोडत होता. त्याने विळा बाजूला ठेवला, बाजेवर जागा करून दिली. त्याची बायको राखी आतून आली, तिने नानांना बघितलं आणि रीतीप्रमाणे पेलाभर दूध आणून पुढे केलं. थेंबांची बाटली नानांच्या खिशात होती. पण थेंबांना अख्खी रात्र लागते, आणि समोर सोमनाथ बघत होता.

“प्यायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या,” सोमनाथ म्हणाला. “उगा जुलमानं नगा.”

नानांनी पेला उचलला आणि एका दमात सगळं दूध प्यायले. मिशी पुसली. मग सांगायला सुरुवात केली. घोटीचं लग्न, मामा, मोरीत थुंकलेलं दूध, पॅकहाऊसच्या कात्र्या, अक्काबाईंच्या दोन उकळ्या. “दूध चांगलं आहे, सोमनाथ. तेव्हाही चांगलंच होतं,” ते म्हणाले. “खोट माझ्या पोटात होती आणि मी ती तुझ्या कॅनात शोधत बसलो. माझं चुकलं.”

सोमनाथने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. दोघं म्हशींकडे बघत बसले. कुठली व्याली, कुठली आटली, तेवढंच बोलणं झालं. तासभर गेला असेल. आणि मग त्या शांत अंगणात नानांच्या पोटातून असा आवाज निघाला, की जवळची म्हैस रवंथ करायची थांबली.

सोमनाथने वळून बघितलं. त्याच्या आत्ता ध्यानात आलं. “नाना, तुम्हाला ठावं व्हतं असं व्हणार?”

“होतं.”

“मग प्यायला कशापाई?”

“तू दिलंस म्हणून,” नाना म्हणाले. “आता आधी संडास कुठंय ते सांग.”

ते परत आले तेव्हा सोमनाथ हसत होता, आणि त्याची बायको पदर तोंडाला लावून आत पळाली होती. पण निघताना सोमनाथने त्यांना फाटकाशी थांबवलं. “नाना, माझ्या मनात राग नाय आता. पर हिथं तुम्ही बोलला ते म्हशींनी ऐकलं. चोर म्हटला ते बाजारानं ऐकलंय.”

नानांना कळलं. हाच घास सगळ्यात जड होता. सोमनाथ खरा आहे असं रांगेला सांगायचं, तर मग पोट का दुखत होतं तेही सांगावं लागणार. दूधवाल्याला दूध पचत नाही. सत्त्याहत्तर वर्षांची रीत, वडिलांचा पेला, सगळं एका वाक्यात मोडायचं. रिक्षात बसून ते म्हणाले, “उद्या सहाला ये.”

सोमवारी सहाला शटर वर गेलं. रांगेत बयाबाई पहिली. मोटरसायकल बोळात शिरली तशी रांग कुजबुजली. सोमनाथने कॅन उतरवले. नानांनी पहिला कॅन उघडला, पितळी पेला भरला आणि फळीवर ठेवला. 

“जूनमध्ये मी या माणसाला इथे उभं राहून चोर म्हटलं,” ते म्हणाले. “ते खोटं होतं. याचं दूध तेव्हाही चोख होतं आणि आजही आहे. मला दूध पचत नाही. ते पचवायला पोटात जे लागतं ते माझं संपत आलंय. म्हणून हा पेला मी आजपासून पिऊ शकत नाही. आणि ते कळायच्या आधी मी चार दिवस पिण्याचं नाटक केलं, तेही तुम्हाला सांगतो. ज्यांना दुसरीकडे जायचं त्यांनी खुशाल जावं.”

  नाना खाली मान घालून उभे राहिले.

“एवढंच ना?” बयाबाई म्हणाली. “मला तर लग्न झाल्यापासून पचत नाही. तीस वर्षं इथनं नेते त्याचं सगळ्याचं दही लावते. नवरा होता तोवर त्यालासुद्धा सांगितलं नाही, म्हणेल माहेरचं नाजूक आहे.” मग ती सोमनाथकडे वळली. “आणि साय काही पातळ नव्हती रे तुझी. मी आपलं बोलले.”

मागून कुणीतरी म्हणालं, आमच्या हिचंही तसंच. आणखी एकाने वडिलांचं सांगितलं. घरोघरी मातीच्या चुली, फक्त धूर ज्याने त्याने आपापल्या घरात कोंडून ठेवला होता. रांगेतलं एकही माणूस हललं नाही.

नानांनी भरलेला पेला सोमनाथपुढे केला. “आजपासून तू पी. दूध तुझं आहे.”

सोमनाथने पेला घेतला आणि सगळ्यांसमोर संपवला. तो पेला त्याने फळीखालच्या बादलीत विसळला. मग मोटरसायकलच्या हँडलला अडकवलेली एक लहान किटली सोडून आणली, आणि तेव्हा नानांच्या लक्षात आलं की आज कॅनांबरोबर ती किटलीही आली होती.

“राखीनं ताक केलंय, त्याच दुधाचं,” सोमनाथ म्हणाला. “मालकाचा पेला रिकामा बरा दिसत नाय.”

त्याने पेला ताकाने भरून नानांच्या हातात दिला. नाना तो हातात धरून उभे राहिले. मग एका दमात प्यायले आणि मिशी पुसली. डोळेही पुसले. बयाबाईने आपलं पातेलं पुढे सरकवलं आणि म्हणाली, “दीड लिटर दे.”